खांद्यावर अडलेली कावीळ

कावीळ झालेल्या माणसाला जग पिवळं दिसतं, असं म्हणतात. मच्छिंद्रला तसं काहीच दिसत नव्हतं. त्याला लिंब हिरवा दिसत होता, म्हैस काळी दिसत होती आणि आई रागावलेली दिसत होती. म्हणजे सगळं जागच्या जागी होतं. पिवळा होता तो स्वतः, आणि तो जगाला दिसत होता. अडचण एवढीच, की त्याला लग्नाची हळद लागायला अजून दोन महिने अवकाश होता.

"आरं, डोळं बघ तुझं!" केशरबाई म्हणाली.

"माझं डोळं मला कसं दिसतील, आई?"

"उलटं बोलतूय म्हंजे लईच चढलीय," असं म्हणून केशरबाईनं परातीत चुन्याची निवळी ओतली आणि लेकाचे दोन्ही हात त्यात दाबून धरले. निवळी पिवळी झाली. मच्छिंद्रनं सकाळपासून म्हशीला सरकी-पेंड कालवली होती, त्यामुळं ती कशानंही पिवळी झाली असती. पण तोवर केशरबाईनं डोक्याला हात लावला होता.

तिचंही बरोबर होतं. नवरा मागंच गेलेला, एकुलता एक पोरगा, आणि लग्न ठरलं होतं ते या पोराच्या तब्येतीवरच. राहुरीकडचे आबासाहेब मुलगा बघायला आले, तेव्हा त्यांनी जमीन विचारली नाही की शिक्षण विचारलं नाही. घोडेगावच्या बाजारात बैल बघावा तसे ते मच्छिंद्रभोवती फिरले, त्याच्या तालमीत घुमवलेल्या खांद्यांवर एकेक बुक्की मारली आणि स्वतःचा हात चोळत म्हणाले, "खांदं हायेत. बाकीचं शिकवता येतं." आबासाहेबांना स्वतःला खांदे असे नव्हतेच. त्यांची मान संपली की लगेच पोट सुरू व्हायचं. ज्याच्याकडं जे नाही, त्याचीच पारख त्याला जास्त.

मच्छिंद्र मुलगी बघायला गेला तेव्हा चांगुणानं पोहे आणून दिले. पोह्यात हिरव्या मिरच्या एवढ्या होत्या, की पोहे शोधून खावे लागत होते. मच्छिंद्रनं सगळी बशी संपवली. डोळ्यांतून धारा लागल्या, पण खांद्यांची अब्रू होती. तेव्हा दाराआडून चांगुणा कुणाला तरी म्हणाली, "पाव्हन्याला पानी द्या. रडत्यात." तिच्या आवाजात हसू नव्हतं, काळजीही नव्हती, बातमी दिल्यासारखं ती बोलली होती. मच्छिंद्रनं तिथंच ठरवलं, लग्न करायचं तर हिच्याशीच.

आता जेठातला शेवटचा मुहूर्त धरला होता. तो हुकला की तुळशीच्या लग्नापर्यंत काही नाही, आणि आबासाहेब तोवर थांबणार नव्हते. "पोरगी ह्या जेठाच्या आत उजवा, न्हाईतर बारा वर्सं न्हाई, असं जोतिषानं सांगितलंय," त्यांनी सुपारी फोडतानाच सांगून ठेवलं होतं. "तुमच्यात काय कमी-जास्त झालं तर नगरच्या डेपोतला एक कंडक्टर बघून ठेवलाय. त्याला थांबाय सांगितलंय. खांदं न्हाईत त्याला, पर उभा ऱ्हातो दिवसभर."

म्हणून केशरबाईनं पोराला आधी श्रीरामपूरला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी डोळे बघितले, जीभ बघितली, पोट दाबलं आणि म्हणाले, "कावीळच आहे. घरी पडून राहा. तेलकट खाऊ नका. पाणी उकळून प्या. चार-सहा आठवड्यांत बरे व्हाल."

"आन औशिद?"

"याला औषध नाही. आराम हेच औषध."

"सुई?"

"सुईची गरज नाही, मावशी."

केशरबाई दवाखान्यातून बाहेर आली ती डॉक्टरवरचा विश्वास आतच ठेवून. "पडून ऱ्हा म्हनं! पडून ऱ्हायला डाक्टर कशाला लागतो? तुझा बाप न विचारता पडून ऱ्हायचा."

त्याच संध्याकाळी ती दगडाबाईकडं गेली. दगडाबाई पंचक्रोशीत काविळीची माळ घालायची. गावाबाहेरच्या एका झुडपाच्या काड्या ती पहाटे तोडून आणायची, ते झुडूप कोणतं ते कुणाला सांगायची नाही, आणि काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठवून माळ करायची. माळ डोक्यावर मुकुटासारखी बसवायची. जसजशी कावीळ ओसरेल तसतशी माळ वाढत जाते आणि आपोआप खाली येते: डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून खांद्यांवरून कमरेला, कमरेवरून पायाशी. पायाशी पडली की माणूस बरा.

"फकस्त हात लावायचा न्हाई," दगडाबाईनं बजावलं. "हात लागला की कावीळ उलटती. मागल्या साली एकानं खाजवाय हात घातला. आजून पिवळा हाय."

"कोन?" मच्छिंद्रनं विचारलं.

"मी नाव घेत न्हाई कुनाचं."

"किती दिस लागत्याल, दगडाबाई?" केशरबाईनं विचारलं.

"ते मी कोन सांगनार? माळ सांगंल."

माळेबरोबर पथ्य आलं. तेल, तूप, तिखट, मीठ, हळद बंद. केशरबाईनं त्यात स्वतःची भर घातली आणि पिवळं म्हणून जे जे होतं ते पोराच्या नजरेआड केलं. डाळीचा डबा माळ्यावर गेला. तिचं स्वतःचं एक हळदी लुगडं ट्रंकेत गेलं. पिवळसर वासरू होतं, ते शेजारच्या मालनबाईच्या दावणीला नेऊन बांधलं. मच्छिंद्रच्या पुढं अळणी भाकरी, अळणी मुळा आणि अळणी ताक यायचं. जेवताना तो डोळे मिटून चांगुणाचे पोहे आठवायचा, आणि केशरबाईला वाटायचं पोरगं देवाचं नाव घेतंय.

कावीळ म्हणजे उष्णता, हे तर तिला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यामुळं ती सकाळ-संध्याकाळ विहिरीच्या गार पाण्याचा तांब्या त्याच्या टाळूवर हळूहळू रिता करायची. माळेला हात लावायचा नव्हता. पण पाण्याला कुठं हात असतो?

पहिले बरेच दिवस माळ कानांवरच बसून राहिली. गावात रामराम मागं पडला आणि "माळ कुठवर आली?" सुरू झालं. "कानावर" असं उत्तर मिळालं की माणसं मान हलवून पुढं जायची. छगन हा मच्छिंद्रचा जिवाचा दोस्त. त्यानं कानांना तेल लावायचं सुचवलं.

"तेल बंद हाय," केशरबाई म्हणाली.

"खायचं बंद हाय, काकू. कानानं कोन खातं?"

प्रकरण दगडाबाईकडं गेलं. "तेल ते तेल," असा निकाल आला.

शेवटी काम केलं मालनबाईनं. तिनं एके दिवशी ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या. तो वास आला तसा मच्छिंद्र अंथरुणातून उठला, भिंतीला नाक लावून उभा राहिला आणि पोटभर हुंगू लागला. चौथ्या-पाचव्या श्वासाला त्याला अशी शिंक आली, की गोठ्यात म्हशीनं दावं तोडलं आणि इकडं माळ दोन्ही कान ओलांडून गळ्यात येऊन पडली. केशरबाईनं गावात साखर वाटली. आणि तिथंच घोटाळा झाला. कारण गळ्यानंतर येतात खांदे.

ज्या खांद्यांवर लग्न ठरलं होतं, त्याच खांद्यांवर माळ अडली. ती गळ्याभोवती मावेल एवढी होती, पण खांद्यांवरून सरकेल एवढी काही होईना. दगडाबाईनंही असे खांदे पाहिले नव्हते. "माळ बराबर हाय," ती म्हणाली, "मानूस जास्त हाय."

मग छगननंच तोड काढली: हात वर केले की खांदे आखडतात. त्या दिवसापासून मच्छिंद्र ओट्यावर दोन्ही हात वर करून बसू लागला. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी लोकांना वाटायचं, घरात पोलीस आलेत. म्हाताऱ्यांना वाटायचं पोरगं नमस्कार करतंय. तेही हात वर करून "औक्षवंत व्हा" म्हणायचे. हात दुखले की छगन येऊन ते धरून उभा राहायचा.

छगन यायचा तो मोकळ्या हातांनी यायचा नाही. एसटीच्या थांब्यावर त्याची रसवंती होती. काविळीला उसाच्या रसासारखं दुसरं काही नाही, हे एक सत्य डॉक्टर, दगडाबाई आणि केशरबाई या तिघांनाही मान्य होतं. त्यामुळं रोज सकाळी छगन मोठी किटली भरून आणायचा. रसात बर्फ असायचा. तो श्रीरामपूरहून गोणपाटात आणि भुशात गुंडाळून यायचा, आणि इथं पाटाच्या पाण्यात धुतला जायचा, कारण छगन स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक होता. काविळीच्या घरात चहा करायचा नाही, चहानं पित्त खवळतं, असंही केशरबाईनं ठरवून टाकलं होतं. मच्छिंद्रला बघायला जो येईल, त्याला रस मिळायचा.

सगळ्यात जास्त वेळा यायचे आबासाहेब. दर आठवड्याला ते राहुरीहून एसटीनं यायचे, छत्री भिंतीला टेकवायचे आणि मच्छिंद्रभोवती एक फेरी मारायचे.

"कुठवर आली?"

"खांद्यावर हाय, मामा."

"मागल्या वक्ती बी खांद्यावरच हुती."

"व्हय. पर तवा वरच्या अंगाला हुती."

"इहीनबाई, ह्याला खायला काय घालताय?" आबासाहेब रसाचा दुसरा गिलास संपवत विचारायचे. "माळ उतरायची ऱ्हाऊ द्या, खांदंच उतरायला लागल्यात! आमाला माळ खाली पायजे आन खांदं वर पायजेत."

"दोन्ही कसं हुईल, मामा?" हात वर असलेल्या मच्छिंद्रनं विचारलं.

"ते तुमचं तुमी बघा. कंडक्टरचं तसं काय न्हाई. त्याला खांदं न्हाईत, आन माळ बी न्हाई." एवढं बोलून ते तिसरा गिलास घ्यायचे.

दीडेक महिना गेला. मच्छिंद्रला भूक लागत होती, झोप येत होती, डोळे पांढरे झाले होते. लग्न आठवड्यावर आलं. त्यानं हिय्या करून आईला घेऊन पुन्हा श्रीरामपूर गाठलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कागदावर शिक्का मारून दिला. "कावीळ गेली तुमची. कधीच गेली. ते गळ्यातलं काढून टाका."

केशरबाईनं घाईनं माळेवरून पदर धरला. "तिच्याफुडं आसं बोलू नका, सायेब."

"बरं, रस पिता का? कुठला?"

"माझ्या दोस्ताचा हाय. बर्फ पाटाच्या पान्यात धुऊन घालतो."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग ते बराच वेळ बोलले. ते सगळं मच्छिंद्रनं गावात येऊन छगनला सांगितलं. छगननं ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "रस पिऊन कावीळ हुती म्हनं. आरं, कावीळ झालेली समदी मानसं माझाच रस पित्यात. आधी कावीळ, मंग रस. डाक्टरनं उलटं धरलंय."

त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. मच्छिंद्रला बघायला आलेल्यांपैकी बरेच जण एव्हाना पिवळे पडले होते. पिवळे पडलेले रस प्यायला रसवंतीवर यायचे. त्यांना बघायला आलेलेही तिथंच बसून रस प्यायचे, आणि मग यथावकाश स्वतःसाठी यायचे. आपलं गिऱ्हाईक आपणच तयार करणारा असा धंदा तालुक्यात दुसरा नव्हता. दगडाबाईचं झुडूप तर पार बोडकं झालं होतं.

डॉक्टरांचा कागद दाखवायला आबासाहेबांची वाट बघितली, तर आबासाहेब आलेच नाहीत. आला तो निरोप: आबासाहेबांना कावीळ झाली.

होणाऱ्या सासऱ्याला बघायला जाणं भाग होतं. केशरबाईनं रात्रभर विचार करून परवानगी दिली. "काविळीवाल्याला काविळीवाल्याकडून कावीळ हुत न्हाई. जा. पर इष्टीत कुनाचा हात लागू दिऊ नगो." निघताना तिनं एकाऐवजी दोन तांबे ओतले. छगन सोबतीला निघाला.

आबासाहेब ओसरीवर बाजेवर पडले होते. त्यांनाही माळ होती. दगडाबाईच्या शेवटच्या काड्यांची. मान संपली की पोट सुरू होत असल्यानं माळ पहिल्या दोन-चार दिवसांतच झरझर खाली आली होती, आणि आता पोटावर, नांगराच्या वाटेत धोंडा यावा तशी अडून बसली होती.

मच्छिंद्रनं कागद पुढं केला. आबासाहेबांनी तो उलटा-सुलटा बघून उशाखाली ठेवला. "मला कागूद वाचता येत न्हाई. माळ वाचता येती. जावईबापू, मी पडल्या पडल्या लई इचार केला. कावीळ ऱ्हाती कुठं? काळजात. काळीज कुठं? बरगडीखाली. माळ बरगडी वलांडून आली, म्हंजे कावीळ वलांडून आली. फुडं जे हाय ते पोट हाय. पोट माझं सोताचं हाय. त्याचा काविळीशी काय संबंद न्हाई. तवा मी बरा हाय. कन्यादानाला उभा ऱ्हानार."

"मंग मामा, माझं बी..."

"तुमची खांद्यावर हाय. खांदा बरगडीच्या वर येतो. तुमी आजारी." आबासाहेबांनी कूस बदलली; माळ कडकड वाजली. "हळदीच्या आत उतरली तर लगीन. न्हाईतर कंडक्टरला निरोप जाईल."

मच्छिंद्र अंगणात जाऊन शेवग्याखाली दोन्ही हात वर करून बसला. छगन बैल बघायला गोठ्याकडं गेला होता. चांगुणा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि जरा लांब उभी राहिली.

"हात खाली घ्या. हितं कुनी धरत न्हाई तुमाला."

"खाली घेतलं की अडकती."

तिनं तांब्या खाली ठेवला. मग माळेकडं नीट बघितलं. "ओली हाय."

"काय?"

"माळ. सदऱ्यावर पानी गळतंय."

"आई घालती पानी. दोन येळंला. उष्णतेवर."

"बाजंला पानी मारलं की काय हुतं?"

मच्छिंद्रनं आयुष्यात पुष्कळ बाजा विणल्या होत्या. "सुंब आवळतं," तो म्हणाला.

"मंग?"

मच्छिंद्रचे हात आपोआप खाली आले. सकाळ-संध्याकाळचे सगळे तांबे त्याच्या डोळ्यांपुढून गेले.

"आत्याबाईला सांगू नका," चांगुणा म्हणाली. "त्यांनी मायेनं घातलंय."

"मंग आता करू काय?"

"जाताना इष्टीत खिडकीला बसा. उनाच्या अंगाला." ती आत वळली आणि दारातून म्हणाली, "पोहे केल्यात. बिनमिरचीचे. बाबांसाटी शिकले."

दुपारची गाडी राहुरीत आली तेव्हा खचाखच भरलेली होती. "ही गळ्यात काय?" कुणीतरी विचारलं. "कावीळ हाय," छगननं सांगितलं, आणि तीन बाकडी रिकामी झाली. मच्छिंद्र उन्हाच्या बाजूच्या खिडकीला बसला. जेठाचा वारा तोंडावर येत होता, भट्टीतून आल्यासारखा. थोडं अंतर गेल्यावर माळेची एक काडी दुसरीवर आपटून टिक् असा आवाज झाला. मग दुसरी वाजली. मग सगळी माळ बैलाच्या घुंगरांसारखी वाजू लागली. छगन जपाला बसल्यासारखा तिच्याकडं टक लावून बघत होता.

एका नाल्यावर गाडीनं खड्डा घेतला. सगळी माणसं छताला लागून खाली आली, आणि माळ उजव्या खांद्यावरून घरंगळली.

"मच्छ्या, हात वर!" छगन ओरडला.

मच्छिंद्र हात वर करून ताडकन उभा राहिला. पुढून तिकिटं पंच करत येणारा कंडक्टर थबकला. "ओ, खाली बसा. काय पायजे?"

"बसता येत न्हाई. माळ उतरतीया."

"मळा? मळा लांब हाय आजून. बसून घ्या."

दुसरा खड्डा आला. माळ डावा खांदा सोडून छातीवर, छातीवरून कमरेला आली. कमरेत काही उरलंच नव्हतं. ती न थांबता धोतरावरून सरकत गाडीच्या फळीवर येऊन पडली. मच्छिंद्र त्या रिंगणाच्या मधोमध हात वर करून उभा राहिला. गाव येईपर्यंत तो हलला नाही, आणि गाव आल्यावरही हलला नाही. कारण रिंगणाबाहेर पाय कधी टाकायचा, हे दगडाबाईनं सांगितलं नव्हतं. छगन पळत तिला आणायला गेला. गाडी थांबून राहिली.

दगडाबाई गाडीत चढली. मागोमाग केशरबाई, आणि तिच्या मागं निम्मं गाव.

"आपसुक उतरली का कुनी हात लावला?" दगडाबाईनं विचारलं.

"आपसुक," मच्छिंद्र म्हणाला.

"तू गप. तुझं लगीन हाय. ह्या कंडक्टरला इच्यारते. काय रं, बघितलंस का तू?"

"बघितलं. कुनाचा हात लागला न्हाई. आजी, गाडीला लई उशीर हुतोय."

"शप्पत?"

"शप्पत."

"कशाची?"

कंडक्टरनं इकडंतिकडं बघितलं. "ह्या पंचची," तो म्हणाला, आणि हातातला पंच त्यानं कपाळाला लावला.

"उजवा पाय आदी," दगडाबाईनं सांगितलं. मच्छिंद्र बाहेर आला. केशरबाईनं पोराचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ती रडायलाच लागली. गाडीतल्या चार बायकाही कारण न विचारता रडल्या.

"आजारातनं उठलाय गडी, मंग समदी रडत्यात कशाला?" कंडक्टरनं विचारलं.

"लगीन हाय न्हवं!" छगन उत्साहानं म्हणाला. "राहुरीच्या आबासाहेबांची चांगुणा. आता आडकाठीच न्हाई!"

कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर तसाच राहिला. "आबासाहेब? पोटवालं?"

"व्हय."

"मला तर त्यांनी थांबाय सांगितलंय."

केशरबाईनं डोळे पुसले आणि मायेनं म्हणाली, "आता थांबू नगंस, बाबा. गाडीला उशीर हुतोय."

कंडक्टरनं हातातल्या पंचकडं एकदा बघितलं आणि दोनदा घंटी मारली. पुढच्या थांब्यापर्यंत त्यानं कुणाचं तिकीट फाडलं नाही, असं गाडीतले लोक सांगतात.

माळ पाटाच्या वाहत्या पाण्यात सोडली. नशिबानं छगनचा बर्फ पाटावर वरच्या अंगाला धुतला जायचा. ठरल्या मुहूर्तावर हळद लागली. केशरबाई ऐन वेळी पिवळी वाटी बघून दचकली, पण "लावायची हाय, खायची न्हाई," असा निकाल दगडाबाईनं दिला. तेलाच्या बाबतीत हेच छगननं म्हटलं होतं, पण आनंदाच्या प्रसंगी त्यानं विषय काढला नाही. कन्यादानाला आबासाहेब नवा कोट घालून बसले. ते वाकले की कोटाच्या आतून काड्या वाजायच्या आणि भटजी मंत्र थांबवून इकडंतिकडं बघायचे. आपल्या गार पाण्यानंच पोरगं वाचलं, असं केशरबाई मांडवभर सांगत होती. मच्छिंद्रला कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "व्हय, पानीच कारन."

छगननं बर्फ घालायचं सोडलं ते पुढं, स्वतः पिवळा झाल्यावर. मग गावात निरोगीपणा आला आणि त्याचा धंदा बसला.

लग्नानंतरची पूजा झाली, पाहुणे पांगले आणि चांगुणानं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं जेवायला वाढलं. मच्छिंद्र दोन महिने या ताटाची वाट बघत होता. ताटात अळणी भाकरी होती, अळणी मुळा होता आणि वाटीत ताक होतं.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"पथ्य."

"आगं, माळ उतरली!"

"माळ आत्याबाईंची. ती उतरली. डाक्टरचं आजून ऱ्हायलंय. बाबांना बघाय आलं तवा मी इच्यारलं त्यांना, कावीळ गेल्यावर मानूस खरा बरा हुयाला किती दिस लागत्यात? तर म्हनलं, अंगात ताकद येईस्तवर तेल-तिखट जपून. तीन म्हैने धरा."

"डाक्टरचं कोन ऐकतं?"

"मी."

तिनं स्वतःचं ताट वाढून घेतलं. तिच्या भाकरीवर ठेचा होता. हिरवा, जाडसर वाटलेला, वर कच्चं तेल. मच्छिंद्र बघत राहिला. तिनं मोठा घास घेतला. बाबांसाठी अळणी रांधता रांधता तिचीही जीभ विसरली असावी. दुसऱ्या घासाला तिचं नाक लाल झालं आणि डोळ्यांतून धारा लागल्या. तरी तिनं तिसरा घास मोडला. अब्रूचा प्रश्न होता.

मच्छिंद्रनं मुळ्याचा एक तुकडा सावकाश चावून खाल्ला. मग आतल्या खोलीकडं तोंड करून तो म्हणाला, "आई, हिला पानी दे. रडतीया."